भानामतीचा मुलूख आणि बायबलमधली एक मनाई



या समूहावर आपण बहुतेक वेळा आपापली गावं, वाडे, लग्नकार्यं, जुन्या शाळा यांवर लिहितो. आज जरा वेगळा विषय घेतलाय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊनच बसा. कौल लावणं, भविष्य विचारणं, करणी, भानामती, मंत्रतंत्र या सगळ्याला बायबलमध्ये स्पष्ट मनाई आहे. ती मनाई कॅथलिक मंडळी कशी समजून घेतात आणि आपल्या मुलखात तिचं काय काय झालं, हा आजचा विषय. मैलूरच्या माणसाला याच्याशी काय घेणं-देणं, असं कुणी विचारेल. घेणं-देणं आहे, सांगतो.

मैलूर म्हणजे बीदरला लागून असलेलं आमचं गाव. आता शहराने ते पोटात घेतलंय. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि जुना बीदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, बीदर, भालकी, हुमनाबाद इकडे म्हैसूर राज्यात राहिले. सोयरेधायरे मात्र दोन्हीकडे होते तसेच राहिले. आमच्या पिढीने घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी उर्दू असा संसार केला. देवाधर्माचंही तसंच. हुमनाबादला माणिकप्रभू, खानापूरला मैलार मल्लण्णा म्हणजे आपला खंडोबा, अष्टूरचा उरूस, बीदरचा नानक झिरा. एकाच घरातले लोक वर्षभरात यातल्या तीन ठिकाणी तरी जाऊन यायचे. ख्रिस्ती लोकही बीदरात जुने, पण ते बहुतेक मेथॉडिस्ट. कॅथलिक थोडे. कॅथलिकांचा गुलबर्गा धर्मप्रांत तर २००५ साली झाला, त्यात बीदर येतं.

आणि या सगळ्याच्या जोडीला होती भानामती.

मराठवाडा, बीदर, कलबुर्गी आणि पलीकडे तेलंगणाच्या कडेची गावं, हा सगळा भानामतीचा पट्टा. आमच्या वयाच्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण नातवंडांसाठी सांगतो. घरातल्या दोरीवरचे कपडे आपोआप पेटायचे म्हणे. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठायच्या. डोळ्यांतून खडे निघायचे. भाकरीच्या टोपल्यात घाण सापडायची. चांगल्या घरची सून अचानक कुत्र्यासारखी भुंकायला लागायची. एका घरात झालं की आठ दिवसांत चार घरांत व्हायचं. यातलं किती खरं, किती मनाचा आजार, किती कुणाच्या हाताची करामत, हा वेगळा विषय. मला सांगायचंय ते त्यापुढचं.

भानामती झाली की घरचे लोक जाणत्याकडे जायचे. तांदूळ, लिंबू, सव्वा रुपया. तो डोळे मिटायचा, घुमायचा, आणि शेवटी एक खूण सांगायचा. “तुमच्या घराच्या उगवतीला राहते. एकटी आहे. काळं लुगडं नेसते.” बस्स. नाव घेतलं नाही तरी गावाला कळायचं.

आमच्या गल्लीत अशा एक काकू होत्या. बालविधवा, पोटी मूल नाही, दोन शेळ्यांवर गुजराण. शेजारच्या घरची म्हैस आटली आणि त्याच आठवड्यात त्यांचं पोर तापाने फणफणलं. जाणत्याने खूण सांगितली. कुणी काकूंना मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त त्यांच्याकडून विरजण आणणं बंद झालं. मग हळदीकुंकवाच्या घरांसमोरून त्या जाऊ लागल्या की बाया पोरांना पदराखाली घ्यायच्या. विहिरीवर त्या आल्या की बाकीच्या घागरी उचलायच्या. वर्षभर हे चाललं. नंतर एक दिवस त्या भाच्याकडे उदगीरला गेल्या त्या गेल्याच. पोर दवाखान्याच्या औषधाने केव्हाच बरं झालं होतं. म्हैस पुढच्या वेताला पुन्हा दूध देऊ लागली. काकूंच्या नावावर लागलेलं मात्र कुणी पुसलं नाही. दुसऱ्या मुलखांत तर अशा संशयितांना मारून टाकल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचलेल्या आहेत.

आता वसईकडे येतो. उदगीरला बी.कॉम. करून मी बँकेत लागलो आणि १९८० नंतर कधीतरी माझी बदली वसई पट्ट्यातल्या एका शाखेत झाली. तिथले हेड कॅशियर स्थानिक कॅथलिक. गळ्यात क्रूस, दर रविवारी मिस्सा, बोलणं अस्सल वसईचं. एका शनिवारी कॅश जुळेना. पाच हजार रुपये कमी. त्या काळचे पाच हजार म्हणजे कुणाची तरी नोकरी जायची. दोनदा बंडलं मोजली, स्क्रोल तपासला, तरी तेच. व्हाउचरं या टेबलावरून त्या टेबलावर नेणारा शिपाई कोपऱ्यात उभा होता आणि कुणी काही बोललं नाही तरी सगळ्यांची नजर त्याच्याकडे जायला लागली. तेवढ्यात एक क्लार्क म्हणाला, “जवळच्या गावात एकजण अंजन लावून बघतो. लहान पोराच्या अंगठ्याच्या नखावर काजळ लावतो, त्यात चोर दिसतो. बोलावू का?”

हेड कॅशियर उठून उभे राहिले. मला म्हणाले, “साहेब, मी त्याला इथे येऊ देणार नाही. त्याला विचारलं की त्याला नाव सांगावंच लागणार. आणि तो नाव कुणाचं सांगेल? तुमचं? माझं? तो गरिबाचंच सांगणार.” मग म्हणाले, “आमच्यात हे विचारायलाच मनाई आहे. लेजरं काढा, परत टिक मारूया.”

रात्री साडेनऊला एका जाड लेजरच्या पानात बेअरर चेक सापडला. पैसे दिलेले, पण स्क्रोलला नोंद नाही. कॅश जुळली. शिपाई घरी गेला.

“विचारायलाच मनाई आहे” हे शब्द माझ्या डोक्यात राहिले. आपल्याकडे आपण विचारतो, भानामती खरी की खोटी? ज्योतिष खरं की खोटं? इथे एक माणूस खरं-खोटं बाजूला ठेवून म्हणत होता की दारातच जाऊ नका. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी या मनाईच्या मागे लागलो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सोप्या मराठीत आणलेलं आहेच. हे फादर वसईचेच, २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. उस्मानाबाद आपल्याला जवळ, आपल्यापैकी काहीजण गेलेही असतील. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले.

मूळ मनाई बायबलच्या जुन्या करारात, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात आहे. इस्राएली लोक नव्या देशात शिरणार असतात, तेव्हा त्यांना यादीच दिली जाते. पोटच्या मुलाला अग्नीतून नेणारा, शकुन पाहणारा, मुहूर्त सांगणारा, चेटूक करणारा, मंत्र घालणारा, भुतांना विचारणारा, मेलेल्यांशी बोलणारा, असा कुणी तुमच्यात नसावा. ‘लेवीय’ या पुस्तकातही हेच दोन-तीनदा येतं. यादीत पहिला नंबर नरबळीचा आहे, हे लक्षात घ्या. भविष्य विचारणं आणि पोर बळी देणं या दोन गोष्टी एकाच यादीत बसवल्या आहेत. आधी वाचताना मला हे अति वाटलं. काकूंची आठवण झाल्यावर अति वाटेनासं झालं.

त्याच जुन्या करारात शौल राजाची गोष्ट आहे. ती मला फार मानवी वाटते. शौलाने स्वतःच फर्मान काढून देशातल्या सगळ्या भूतविद्या करणाऱ्यांना घालवून दिलेलं असतं. मग पलिष्टी लोकांचं सैन्य समोर येऊन ठाकतं. देव उत्तर देत नाही, स्वप्न पडत नाही, संदेष्टा शमुवेल मरून गेलेला. राजा घाबरतो, वेष पालटून रात्री एन-दोर गावच्या एका बाईकडे जातो आणि म्हणतो, मेलेल्या शमुवेलाला वर बोलाव. बाई भिते. ती म्हणते, राजाने बंदी घातलीये, मला मारायला आलात का? शमुवेल दिसतो, पण शौलाला नवीन असं काहीच मिळत नाही. उद्या तू मरशील, एवढंच कळतं. तो जमिनीवर कोसळतो. आणि तीच बाई घरचं वासरू कापून, भाकरी करून त्याला जेवू घालते. कायदा करणारा, तो मोडणारा आणि घाबरलेला, तिघेही एकच माणूस. माणूस विचारायला जातो तो हौसेने नव्हे, भीतीने जातो, हे या गोष्टीत सरळ दिसतं.

नव्या करारातली एक गोष्ट तर बँकवाल्याला पटकन कळणारी आहे. फिलिप्पै शहरात एक गुलाम मुलगी भविष्य सांगायची. पैसे तिचे मालक घ्यायचे. पौलाने तिच्यातला आत्मा घालवला, तेव्हा मालकांनी पौलाला पकडून छड्या मारवल्या आणि तुरुंगात टाकवलं. का? तर उत्पन्न बंद झालं. पुढे इफिस शहरात जादूटोणा करणाऱ्यांनी आपापल्या पोथ्या आणून चारचौघांत जाळल्या. त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली, अशी नोंद आहे. हिशेब ठेवला गेला याचं मला कौतुक वाटलं. आणि एक बारकावा बघा. त्यांनी स्वतःच्या पोथ्या जाळल्या, दुसऱ्याच्या घरात शिरून नाही. हा फरक पुढे लोक विसरले, म्हणून सांगून ठेवतो.

मग उद्याचा विचारच करायचा नाही का? तसं नाही. कॅथलिक विचारवंतांनी यावर बरीच घासाघीस केलेली आहे. संत ऑगस्टीन तरुणपणी स्वतः ज्योतिष्यांकडे जायचे. नंतर त्यांनी एक साधा प्रश्न टाकला. एकाच घटकेला जन्मलेला श्रीमंताचा मुलगा आणि त्याच्या गुलामाचा मुलगा, दोघांची पत्रिका एक, मग एक मालक आणि एक गुलाम कसा? तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांनी आणखी व्यवस्थित खाती पाडली. ग्रहण केव्हा लागेल हे गणिताने सांगणं हे भविष्य विचारणं नव्हे. आभाळ बघून पावसाचा अंदाज करणं नव्हे. पण अमक्या माणसाचं मन उद्या कुठे वळेल हे ताऱ्यांवरून सांगणं ही मनाईतली गोष्ट, कारण माणसाची इच्छा ताऱ्यांना बांधलेली नाही. म्हणजे पंचांगातलं ग्रहणाचं पान चालेल, राशिभविष्याचं नाही.

१५८६ साली पोप सिक्स्टस पाचवे यांनी माणसाचं भाग्य सांगणाऱ्या ज्योतिषावर फर्मान काढून बंदी घातली. शेती, दर्यावर्दीपणा आणि वैद्यकी यांसाठी आकाश बघायला मोकळीक ठेवली. १६३१ साली पोप अर्बन आठवे यांनी बंदी आणखी कडक केली. त्यातली गंमत अशी की ज्योतिष्यांनी याच अर्बन पोपच्या मरणाचं भाकीत केलं होतं. १६२८ च्या सुमारास ते इतके धास्तावले की त्यांनी एका विद्वान साधूला घेऊन बंद खोलीत दिवे लावून ग्रहांच्या शांतीसारखे विधी केले. शौल राजा रोमलाही होता म्हणायचा.

आजची अधिकृत शिकवण १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथात आहे. २११५ ते २११७ हे परिच्छेद याच विषयावर आहेत. पत्रिका, हस्तरेषा, शकुन, आत्म्यांना बोलावणं, ताईत, सगळ्यांची नावं घेऊन मनाई आहे. कारण दिलंय ते असं की या सगळ्यामागे काळावर आणि शेवटी दुसऱ्या माणसांवर सत्ता मिळवायची इच्छा असते. उद्या देवाच्या हाती सोपवावा, नसती उत्सुकता टाकावी. पण तिथेच पुढे म्हटलंय की बेफिकीर राहणं, भविष्याची तरतूद न करणं हाही जबाबदारीत कसूर आहे. हे वाचून माझ्यातला अधिकारी खूश झाला. मुलीच्या लग्नासाठी रिकरिंग डिपॉझिट काढा, विमा उतरवा, कर्ज देताना माणसाची ऐपत तपासा. फक्त ऐपत तपासताना तळहात बघू नका.

त्याच ग्रंथात स्वतःच्या लोकांनाही सोडलेलं नाही. प्रार्थना, संस्कारांची चिन्हं हे सगळं मन बाजूला ठेवून नुसतं यंत्रासारखं वापरलं, तर तीही अंधश्रद्धाच, असं २१११ मध्ये लिहिलंय. हे पाळणं कॅथलिकांनाही जड जातं. २०१२ साली मुंबईत विलेपार्ल्याला इर्ला भागातल्या चर्चमध्ये क्रूसाच्या पायातून पाणी ठिबकू लागलं. गर्दी झाली. सनल एडामारुकू या बुद्धिवादी कार्यकर्त्याने तपासून सांगितलं की तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून वर चढतंय. त्यावर काही कॅथलिक संघटनांनी धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार केली आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावं लागलं. ग्रंथात लिहिलेलं आणि गर्दीला हवं असलेलं, यात नेहमीच अंतर असतं. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे?

आता या मनाईची काळी बाजू. ती टाळून चालणार नाही.

‘निर्गम’ नावाच्या पुस्तकात २२ व्या अध्यायात एक छोटं वाक्य आहे. चेटकिणीला जिवंत ठेवू नये, अशा अर्थाचं. पंधराव्या ते अठराव्या शतकात युरोपात या वाक्याने हाहाकार केला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही मुलखांत मिळून साधारण चाळीस ते पन्नास हजार माणसं चेटूक केल्याच्या आरोपाखाली मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यात बाया जास्त, त्यातही म्हाताऱ्या आणि एकट्या बाया जास्त. गाय आटली, गारपीट झाली, पोर दगावलं, की कुणीतरी बोट दाखवायचं. आपली भानामतीच की ही. मनाई होती विचारणाऱ्यावर. ती वापरली गेली संशयितावर.

पण त्याच चर्चमध्ये दोन माणसं अशी निघाली की त्यांची नावं आपल्या पोरांना माहीत असायला हवीत. स्पेनमध्ये लोग्रोन्योला १६१० साली चेटकिणी म्हणून माणसं जाळली गेली. तिथल्या न्यायासनावर आलोन्सो दे सालाझार फ्रियास नावाचा इन्क्विझिटर होता. त्याला शंका आली. तो गावोगाव फिरला, अठराशेच्या आसपास कबुलीजबाब तपासले, त्यात पोरंटोरंच जास्त. जादूची म्हणून आणलेली मलमं तपासली. एकाही गोष्टीचा पुरावा मिळाला नाही. त्याने लिहून दिलं की गावात चेटकिणींची चर्चा सुरू होईपर्यंत तिथे चेटकीणही नव्हती आणि चेटूक झालेला माणूसही नव्हता. १६१४ साली स्पेनच्या वरिष्ठ मंडळाने नवे नियम काढले आणि तिथलं हे जाळणं जवळजवळ थांबलं. दुसरा फ्रीडरिख श्पे, जर्मन जेझुइट. त्याने १६३१ साली नाव न घालता पुस्तक छापलं. छळ केला तर कुणीही कबूल होईल, मग कबुलीला किंमत काय, हा त्याचा मुद्दा. बँकेच्या इन्स्पेक्शनमध्ये आम्ही म्हणायचो, व्हाउचर दाखवा. या दोघांनी तेच विचारलं.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. तिथे एकाच काळात दोन्ही वाटा दिसतात. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, साष्टीत राहिला, आपली भाषा शिकला आणि त्याने अकरा हजारांच्या घरात ओव्या असलेलं ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचलं. १६१६ साली ते रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. तुम्ही जुनी पुराणं सोडलीत, आता या बायबलच्या गोष्टी तुमच्याच ओवीत ऐका, अशी त्याची रीत. समजावून सांगायची वाट.

दुसरी वाट इन्क्विझिशनची. गोव्यात ते न्यायासन १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, चाललं. सोळा हजारांहून जास्त खटले झाले. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते आजही वाचलं जातं. १७३६ च्या फर्मानाने नवख्रिस्ती लोकांना काय काय बंद केलं बघा. लग्नातली पारंपरिक गाणी, विड्याची देवघेव, हळद लावणं, दारात तुळस, बिनमिठाचा भात, धोतर. यात भविष्य विचारणं कुठे आहे? हळदीच्या वाटीत कसली आलीये भूतविद्या? देवाऐवजी ताऱ्यांवर भरवसा ठेवू नका, हे सांगणं वेगळं आणि तुमची आजी जसं लग्न लावायची तसं लावू नका, हे सांगणं वेगळं. तिथे दोन्हीचं एकच खातं करून टाकलं.

त्याहून वाईट म्हणजे पद्धत. तक्रार कुणी केली, साक्ष कुणी दिली, हे आरोपीला सांगत नसत. शेजाऱ्याने शेजाऱ्याचं नाव द्यायचं, भावकीतल्याने भावकीतल्याचं. आता आमच्या जाणत्याची आठवण करा. तोही कधी पुरावा द्यायचा नाही. “उगवतीला राहते” एवढं सांगून मोकळा. कौल लावणाऱ्यांना बंदी घालणारं न्यायासन स्वतःच कौल लावल्यासारखं नावं काढायला लागलं. अडीचशे वर्षांच्या या इतिहासातून मला हेच दिसलं. मनाई कितीही चांगली असो, ती बोट दाखवायला वापरली की भानामतीच होते.

हे फक्त परक्यांच्या धर्मातलं म्हणून बाजूला ठेवायचं कारण नाही. आमच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला बाराव्या शतकात बसवण्णा होऊन गेले. त्यांच्या एका वचनाचा भावार्थ असा की आपली माणसं विचारायला आली तर लग्न शुभच आहे, चंद्रबळ-ताराबळ सगळं आहे, असं सांगा. म्हणजे माणसांची मनं जुळली हाच मुहूर्त. तुकोबांनी नवसाने पोरं होतात असं म्हणणाऱ्यांची आणि अंगात आणणाऱ्यांची कशी हजेरी घेतली ते वारकऱ्यांच्या घरात सांगायला नको. देव एक आणि त्याच्यावर भार टाकायचा, मध्ये घुमणारा दलाल नको, हे तिघांचं म्हणणं माझ्या साध्या बुद्धीला एकमेकांच्या फार जवळचं वाटतं. वाटा वेगळ्या, हे मान्य.

आता कायदेही आले. १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत एक कलम आहे, ते वाचताना मी थांबलो. अमका माणूस करणी करतो, मंत्राने जनावराचं दूध आटवतो, असं म्हणून त्याच्याबद्दल संशय पसरवणं हा गुन्हा धरलाय. कर्नाटकाचा कायदा २०१७ चा, अंमल २०२० पासून. त्यात ज्योतिष आणि वास्तू यांना हात लावलेला नाही, पण अघोरी प्रकारांना बंदी आहे. बघा, कायद्यानेही तीच रेघ ओढली. पत्रिका बघणाऱ्याला सोडलं, पण त्यातून दुसऱ्याच्या अंगावर येणारं संकट अडवलं.

कॅथलिक शिकवण त्याच्या एक पाऊल अलीकडे उभी आहे. ती म्हणते, पहिल्या प्रश्नालाच थांबा. दाभोलकर विचारायचे, पुरावा काय? वसईचे हेड कॅशियर विचारत होते, नाव कुणाचं निघणार? प्रश्न वेगवेगळे, पण दोघांनीही उभं राहायला जागा एकच निवडली. घुमणारा आणि संशयित यांच्या मधोमध.

मी काही ख्रिस्ती नाही. घरात देवघर आहे, श्रावणात पोथी होते, नातीच्या लग्नाला पत्रिका बघितली गेली. सुनेने विचारलं, मी नाही म्हटलं नाही, घरातल्या बायकांचं समाधान. पत्रिका जुळवून कुणाची विहीर बंद होत नाही. पण घरात आजारपण आलं, काही हरवलं, धंद्यात खोट आली, आणि कुणी म्हणालं की “अमक्याला विचारून बघू, कुणी काही केलंय का”, की तिथे मी आडवा येतो. “कुणी काही केलंय का” या चार शब्दांचं उत्तर म्हणजे नेहमी एक माणूस असतो. शक्यतो गरीब, शक्यतो एकटा, आणि आमच्या भागात शक्यतो बाई.

मंडळी, आपल्या समूहात बीदर, भालकी, औराद, उदगीर, देगलूर, आळंद, कलबुर्गीकडचे बरेचजण आहेत. वसईकडचेही आहेत. भानामतीच्या गोष्टी सगळ्यांकडे आहेत, त्या आपण खूप ऐकल्या. मला दुसरं हवंय. तुमच्या गावात अशा वेळी कुणी मध्ये उभं राहिलं होतं का? एखादे गुरुजी, एखादी सुईण, पाटील, पाद्री, मौलवी, एखादी सासू, की जिने म्हटलं, “विचारायला जायचं नाही, तिच्या घरचं विरजण मीच आणते.” अशी माणसं असणार. त्यांचं पुस्तकात कुठे नाव नाही. खाली कॉमेंटमध्ये त्यांच्याबद्दल लिहा. ज्यांच्यावर संशय आला होता त्यांची नावं मात्र लिहू नका, त्यांची लेकरंबाळं अजून त्याच गल्लीत राहतात.